सहा आठवडे गाडी बंद

३ मार्च

चि. टिल्लू,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि सोडून देतोस, म्हणून शेवटी हा कागद. पत्ता तुझ्या आत्याने दिला. नवा नंबर मात्र देत नाही. "मला माहीत नाही," म्हणते, आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात तुझ्याशीच बोलत बसते. माझा खुबा बदललाय, कान नाही बदललेले!

हो, खुबा बदलला. उजवा. सोळा फेब्रुवारीला. दोन वर्षं जिना उतरताना जी कळ मारायची, ते हाड घासून संपलं होतं म्हणे. ते काढून धातूचा गोळा बसवला. सर्जन माझ्या निम्म्या वयाचा. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "झकास झालंय, मावशी. आता वीस वर्षं चिंता नाही." मी विचारलं, "गाडी कधी चालवू?" तर हसला. म्हणाला, "सहा आठवडे नावही काढू नका. उजवा पाय म्हणजे ब्रेकचा पाय." ब्रेकचा पाय कुठला ते मला सांगतोय! तेहतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या बाईला! तू पोटात होतास तेव्हा आठव्या महिन्यापर्यंत मी शिकवण्या घेतल्या, पट्टा पोटाखालून बांधून. आणि आता एका हाडासाठी सहा आठवडे!

बरं, नुसती गाडी बंद असती तर चाललं असतं. इथे सगळंच बंद. वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. बुटक्या खुर्चीत बसायचं नाही. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी, कूस बदलायची तर परवानगी काढून. खाली पडलेलं उचलायला एक हातभर लांब चिमटा दिलाय. त्याने मी काल तुझ्या आत्याचा चष्मा उचलला आणि तो तिच्याच चहात पडला. चुकून पडला! ती मानायला तयार नाही.

आत्या महिनाभरासाठी आली आहे. तुझे बाबा गेल्यावर या घरात माझ्यावर डोळे वटारणारं कोणी उरलं नव्हतं, ती उणीव वन्संनी पहिल्याच दिवशी भरून काढली. पहिलं काम काय केलं, तर गाडीची किल्ली लपवली. मी वॉकर धरून संडासापर्यंत जाते, येताना धाप लागते, आणि ही किल्ली लपवते! म्हटलं, "वन्सं, मी काय पळून जाणार आहे?" तर म्हणते, "वहिनी, तुझा काही भरवसा नाही."

स्कूल बंद. शिकायला येणारे अकराजण कोपऱ्यावरच्या दुसऱ्या स्कूलकडे पाठवले. तिथल्या मालकाला वाटतं, गाडीतला आरसा भांग पाडायला असतो! माझ्या अकराजणांना तो काय शिकवत असेल या विचाराने माझं रक्त आटतं. गाडी फाटकापाशी धूळ खात उभी आहे, डोक्यावर पाटी तशीच. येणारे-जाणारे पाटीवर बोटाने काहीबाही लिहून जातात.

तुला मी बोलवत नाहीये. येऊन तू करणार काय! पण एक सांगते. तू एकोणीस वर्षांचा असताना मी एका क्लचवरून तुझ्यावर ओरडले, तू भर सर्कलमध्ये गाडीतून उतरून चालता झालास, आणि तेच मनात धरून आज आईशी बोलत नाहीस. चार वर्षं! एका क्लचवरून! कोणाला सांगितलं तर हसतील!

आई

१४ मार्च

चि. टिल्लू,

पत्र मिळालं. म्हणजे माझंच पत्र मला मिळालं.

पाकिटावर तुझं अक्षर. आत्याला हाक मारली, चष्मा मागवला, पाकीट नीट कात्रीने कापलं, आणि आत काय, तर माझाच कागद, तांबड्या शाईने दुरुस्त केलेला. छापखान्यात मुद्रितं तपासतोस हे मला माहीत आहे, पण आईचंही मुद्रित तपासशील असं वाटलं नव्हतं. सगळी उद्गारचिन्हं खोडलीस. आत्याने मोजली. अकरा. "आता बघ, वहिनी, किती शांत वाटतंय," असं वर म्हणाली.

तर हे पत्र बिनाउद्गारचिन्हांचं. खूश हो.

आणि समासात, क्लचच्या वाक्यापुढे, बारीक अक्षरात दोनच शब्द: "तथ्य तपासावे."

ते मी नंतर बघते. आधी पायाचं ऐक.

आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येते. दार उघडलं तर ओळखीचा चेहरा. आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे गाडी शिकायला होती. मी तिला परीक्षेला पाठवायला तीनदा नकार दिला होता, कारण गाडी मागे घेताना ती डोळे मिटायची. आता तिच्या हातात माझा पाय. तिने जमिनीवर चिकटपट्टीने दोन चौकोन आखले, एक रेसचा, एक ब्रेकचा. मला उंच खुर्चीत बसवलं. ती "थांब" म्हणाली की पाय या चौकोनातून उचलून त्या चौकोनात आपटायचा. हातात घड्याळ.

पहिल्यांदा केलं. म्हटलं, "जमलं की."

"जमलं," ती म्हणाली. "पण मॅडम, तेवढ्या वेळात गाडी अख्ख्या एका बसच्या लांबीइतकी पुढे गेली. त्या बसच्या लांबीत कोण उभं असेल ते तुम्हीच आम्हाला विचारायचात ना?"

विचारायचे. प्रत्येकाला विचारायचे. पण माझंच वाक्य माझ्याच पायावर आणून आपटल्यावर कसं लागतं ते मला माहीत नव्हतं. तिला म्हटलं, "मग पास कधी करणार?" तर म्हणते, "घाई करणाऱ्याला मी सही देत नाही." हेही माझंच.

परवा तपासणीला टॅक्सीने गेलो. सीट पूर्ण मागे, प्लॅस्टिकची पिशवी अंथरून आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय जोडून आत फिरवायचे, जसं काही मी कपाट आहे. त्या टॅक्सीवाल्याला अंतर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पुढच्या गाडीच्या मागे असा चिकटून, की तिच्यातल्या बाळाने आम्हाला टाटा केलं. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबत होते. आमच्या स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तसा टॅक्सीत नसतो, हे डोक्याला कळतं, पायाला कळत नाही. दर चौकात खुब्यात कळ. शेवटी तो म्हणाला, "मावशी, पाय का आपटताय? गाडीला त्रास होतो." वन्सं हसून हसून खोकायला लागल्या.

आता ते तथ्य.

तपासलं. क्लचनंतरही तू आठ वर्षं या घरात राहिलास, माझ्या हातचं जेवलास, हे खरं आहे. तू ज्या दिवसाबद्दल म्हणतोयस त्या दिवसाबद्दल मला बोलायचं नाही. त्या दिवशी माझा नवरा गेला होता. अशा दिवशी माणूस तोंडाला येईल ते बोलतो. कोणी ते चार वर्षं जपून ठेवत नाही.

आई

२९ मार्च

टिल्लू,

तू येऊन गेलास.

हे मला कोणाकडून कळलं? हॉस्पिटलच्या नर्सकडून. मी आत्याची चौकशी करायला फोन केला तर ती म्हणाली, "त्यांचा भाचा आला होता ना काल, उंच, चष्मेवाला. तीन तास बसला होता." तीन तास. तिथून आपलं घर आठ मिनिटांवर. मला गाडी चालवता येत नाही, टॅक्सी करून एकटीने जायचं नाही, म्हणून मी इथे भिंतीकडे बघत बसले होते, आणि तू आठ मिनिटांवर येऊन परत चार तासांचा प्रवास करून निघून गेलास. दारावरची बेल वाजवून पळाला असतास तरी मला बरं वाटलं असतं.

आत्याने तुला जे सांगितलं असेल त्यातलं निम्मं तिने डोळे मिटून पाहिलेलं आहे. तेव्हा नीट काय झालं ते मी सांगते.

गुरुवारी सकाळी साडेदहा. माझे सहा आठवडे भरायला चार दिवस कमी. वॉकर सुटून काठी आली होती. वन्सं माझ्या पलंगावरची चादर बदलत होत्या. अर्धी चादर घातली आणि खाली जमिनीवर बसल्या. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "जबडा दुखतोय गं." मग कपाळावर घाम. चेहऱ्याचा रंग असा, की मी तो एकदा पाहिला आहे.

रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, वीस-पंचवीस मिनिटं लागतील. मी म्हटलं, माझ्या गाडीने आठ लागतात. ती म्हणाली, मग आणा.

"वन्सं, किल्ली कुठे?"

"स्वेटरच्या खिशात." त्यांना धड बोलवत नव्हतं, तरी पुढचं बोलल्याच. "पण तू चालवायची नाहीस."

मी किल्ली काढली. त्यांना भिंतीला टेकवलं, दार सताड उघडं ठेवलं, काठी टेकत फाटकापर्यंत गेले. पिशवी नाही, पाठमोरं बसणं नाही, तशीच आत शिरले. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, दीड महिना उभी राहूनही. पाय ब्रेकवर ठेवला. दाबला. दाबला गेला, पण पाय माझा नसल्यासारखा. उचलून पुन्हा दाबला. मांडीपासून कापरं भरलं. तिसऱ्यांदा पाय उचलला आणि तो ब्रेकवर न येता मधेच घसरला.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी शाळा आहे. साडेदहाला लहान मुलांची सुट्टी होते.

मी गाडी बंद केली.

आत येऊन वन्संच्या शेजारी जमिनीवर बसले. जमिनीवर बसायचं नाही असं सर्जनने तीनदा बजावलं होतं. त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "काहीतरी बोल, वहिनी." मला काय सुचणार? मी रस्त्यावरच्या खुणा म्हणायला लागले. पुढे वळण आहे. पुढे अरुंद पूल आहे. हॉर्न वाजवू नये. मला दुसरं काही पाठ नाही. तिसऱ्यांदा "पुढे अरुंद पूल" म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पार कर ना एकदाचा." म्हणजे शुद्धीत होत्या.

सव्वीस मिनिटं लागली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली, बघतात तर दोन म्हाताऱ्या जमिनीवर. मला उठता येत नव्हतं. त्यातला एक म्हणाला, "दोघींपैकी पेशंट कोण?"

रक्तवाहिनी मोकळी केली, त्या आता बऱ्या आहेत, हे तुला माहीतच आहे. तू प्रत्यक्ष पाहून आलास. मी नाही पाहिलं.

मी या पत्रात एकही उद्गारचिन्ह घातलेलं नाही. पण प्रत्येक वाक्याला होतं, असं समजून वाच.

आई

२ एप्रिल

टिल्लू,

मागचं पत्र रागात टाकलं. त्यात खोटं काही नाही, पण एक गोष्ट मी गाळली. ती लिहायला चार दिवस लागले.

ती सव्वीस मिनिटं मी घड्याळाकडे बघत होते. मधेच माझ्या लक्षात आलं, की मी तुझ्या जागी बसले आहे.

त्या दिवशी दुपारी तू घरात होतास. तुझ्या बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी स्कूलच्या गाडीत हायवेवर एका मुलीला शिकवत होते, आपली दुसरी गाडी घरीच होती, आणि शिकवताना फोन बंद ठेवायचा हा माझाच नियम. तू रुग्णवाहिका बोलावलीस. ती आली, घेऊन गेली, पण उशीर झाला होता. मी हॉस्पिटलच्या त्या लांब बोळात पोचले तेव्हा तू बाबांच्या चपला हातात धरून उभा होतास. अनवाणी नेलं होतं त्यांना, म्हणून तू चपला घेऊन आला होतास. म्हणजे तुला वाटत होतं, की ते चालत घरी येतील.

आणि मी तुझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "गाडी दारात उभी होती. शहरभर पोरांना गाडी शिकवली मी, आणि माझ्या मुलाला ती दारातून बाहेर काढता आली नाही."

डॉक्टर होते. आत्या होती. तुझ्या छापखान्यातले दोघं आले होते. सगळ्यांनी ऐकलं. तू चपला बाकाखाली नीट जोडून ठेवल्यास. महिनाभराने बॅग भरून गेलास.

क्लच वगैरे काही नव्हतं. मला पहिल्यापासून माहीत होतं. मी क्लचचं लिहिलं, कारण क्लचची माफी मागणं सोपं होतं आणि मी तीही मागितली नाही.

गुरुवारी गाडी पुन्हा दारात उभी होती. किल्ली माझ्या हातात होती. मला गाडी येते, तेहतीस वर्षं येते. आणि तरीही ती दारातच राहिली, कारण ती न काढणं हेच बरोबर होतं. तुलाही त्या दिवशी गाडी येत असती, तरी हात कापत असताना बाबांना मागच्या सीटवर घालून तू ती हाणायला हवी होतीस का? मी माझ्याकडे शिकणाऱ्या कोणालाही सांगितलं असतं, अजिबात नाही. फक्त तुला सांगितलं नाही.

चुकले रे मी. हे वाक्य लिहून दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा तसंच ठेवते. तुला दुरुस्त करायचं असेल तर कर.

एकच विचारते. मी कधी विचारलंच नाही. मी यायच्या आधी, त्या वेळात, तुम्ही दोघं काय बोललात?

आई

१० मे

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. बत्तीस वर्षं तुम्ही शेजारच्या खोलीत होतात, जे काय सांगायचं ते मी इथूनच ओरडून सांगायचे. गेली चार वर्षं ती सोय नाही. आणि आज तुमच्यावर इतकी चिडले आहे, की कुठेतरी मांडल्याशिवाय चैन पडायचं नाही.

क्रमाने सांगते.

टिल्लूला मी एप्रिलच्या सुरुवातीला पत्र लिहिलं. सहा दिवसांनी फोन वाजला. नवा नंबर. "आत्या कशी आहे?" म्हटलं, बरी आहे, घरी आली, आता मी तिचं मीठ लपवते. मग म्हणाला, "पाय कसा आहे?" म्हटलं, बरा आहे. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. एवढंच. पण दर रविवारी करायला लागला. पत्राचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

दहाव्या आठवड्यात त्या डोळे मिटणाऱ्या मुलीने, आता माझी फिजिओ आहे ती, मला चाचणीला घेतलं. सर्जनचा होकार, विमा कंपनीला कळवणं, सगळं झाल्यावर. सकाळी सात वाजता, रिकाम्या मैदानात. मी चालकाच्या जागेवर आणि ती माझ्या जागेवर, माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून. विचार करा, काय वाटलं असेल मला. पहिल्या गिअरमध्ये मैदानाला बारा चकरा. "थांबा!" म्हटलं की थांबायचं. तिने स्वतःचा ब्रेक दोनदा दाबला. एकदा माझा पाय कमी पडला, ते मान्य. दुसऱ्यांदा काही गरज नव्हती. तो सूड होता, आणि ती ते कबूलही करते. मग गल्ल्या. मग मोठा रस्ता. रोज थोडं थोडं. अर्धा तास झाला, की उतरून पाय मोकळा करायचा. मे उजाडला तेव्हा म्हणाली, "मॅडम, आता तुम्ही रस्त्यावर चालाल."

आणि काल टिल्लू आला. चार वर्षांनी. दार मीच उघडलं. "वाळलास," मी म्हटलं. "तू वाकडी चालतेस," तो म्हणाला. वन्संनी दोघांना जेवायला वाढलं आणि स्वतः मधे बसल्या, पंच बसतात तशा. जेवताना सगळं बोललो, फक्त तेवढं सोडून. दुपारी चारला त्याची बस. मी म्हटलं, मी सोडते. त्याने वन्संकडे पाहिलं. वन्सं म्हणाल्या, "जा. मी देवाचं नाव घेते."

गाडी मी फाटकातून काढली. उलटी, एका दमात. त्याने पट्टा लावला. पहिला चौक गेला, सर्कल गेलं. बसस्थानकाच्या मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा तो म्हणाला, "तू विचारलं होतंस ना, काय बोललो ते."

मी समोर बघत होते. पुढचा सिग्नल हिरवा होता.

"बाबांनी मला फोन करू दिला नाही, आई."

"कोणाला?"

"कोणालाच. आधी म्हणाले, पित्त आहे, जाईल. मग घाम फुटला. मी फोन उचलला तर माझं मनगट धरलं. म्हणाले, आईला कळवू नकोस. ती हायवेवर आहे, चाकावर नवी पोरगी आहे. हिला समजलं तर ही तिच्या हातातून स्टिअरिंग ओढून घेईल आणि सुसाट येईल. एकाच्या जागी तिघं जातील. म्हणाले, आईला येऊ दे घरी, मग बघू."

"आणि तू ऐकलंस?"

"वीस मिनिटं ऐकलं. मग नाही ऐकलं, रुग्णवाहिका बोलावली. पण वीस मिनिटं गेली ती गेली." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "गाडी येत नव्हती हा प्रश्नच नव्हता. मी शेजाऱ्याला हाक मारू शकलो असतो. मी ऐकत बसलो."

"अरे, मग हे तू त्या दिवशी का नाही सांगितलंस? मी एवढं सगळ्यांदेखत बोलले, तू तोंड का नाही उघडलंस?"

तो खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, "तू कोणावर तरी चिडणारच होतीस. बाबांवर चिडली असतीस तर भांडायला ते तुला मिळाले नसते. मी होतो."

मी गाडीचा वेग कमी केला.

"मला वाटलं, महिनाभरात ओसरेल तुझा राग," तो म्हणाला. "नाही ओसरला. मग मला नाही राहवलं तिथे."

अहो, मी मागचा आरसा पाहिला. बाजूचा आरसा पाहिला. इंडिकेटर दिला. गाडी सावकाश कडेला घेतली, ब्रेक दाबला, तो अगदी हवा तसा लागला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आणि मग रडले. टिल्लू घाबरला. "आई, पाय दुखतोय का? पाय?" म्हटलं, "नाही रे गाढवा, पायाला काय झालंय?"

बस चुकली. पुढची दोन तासांनी होती. आम्ही तिथेच कडेला बसून राहिलो. मधे मी दोनदा उतरून काठी घेऊन फिरले, तो शेजारून चालला. माफी मी तोंडाने मागितली. त्याने "बरं" म्हटलं. मग थोड्या वेळाने म्हणाला, की त्याला गाडी शिकायची नाही, कधीच, भीती म्हणून नाही, त्याला आवडतच नाही. म्हटलं, नको शिकूस. हे म्हणताना मला किती कष्ट पडले ते तुम्हाला समजेल.

"आता तू बाबांवर चिडशील," तो म्हणाला.

"चिडेन. त्यांना सवय आहे."

मग मी विचारलं, त्या वीस मिनिटांत माझ्याबद्दल आणखी काही म्हणाले का? मला वाटलं, काहीतरी असेल. शेवटचं म्हणून माणूस काही बोलतो, तसं. टिल्लूने बराच विचार केला. प्रूफवाला आहे, उगाच गोड करून सांगणार नाही. म्हणाला, "म्हणाले, त्या पोरीला हिने हायवेवर फार लवकर नेलं."

लवकर? अहो, सतरा शिकवण्या झाल्या होत्या तिच्या! आरसे बघत होती, अंतर राखत होती, मी उगाच नेईन का कोणाला हायवेवर? त्याच महिन्यात पास झाली ती, पहिल्या फटक्यात. तुम्हाला माझ्या शिकवण्यातलं काय कळत होतं? छातीत कळ येतेय, पोरगं शेजारी बसलंय, आणि तुम्ही माझ्या चुका काढताय. मी सुसाट आले असते म्हणे. आले असतेच. का नाही येणार? आणि म्हणून मला फोनच नाही? बंद असला तरी लावून तर बघायचा. मला विचारायचं तरी. एकदा विचारायचं.

सहाच्या बसला त्याला बसवला. बस सुटेपर्यंत थांबले, मग गाडी वळवून घरी आले. संध्याकाळच्या गर्दीत, एकटी. पाय ठणकत होता, पण चुकला कुठे नाही. वन्सं दारात उभ्याच होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या रडल्या, आणि मग म्हणाल्या, "दादा असाच होता." त्यांचाही राग आला.

आज रविवार. टिल्लूचा फोन येऊन गेला, पोचला नीट. मी सकाळपासून घरात काठी आपटत फिरते आहे आणि तुमच्या फोटोकडे बघून बडबडते आहे. वन्सं म्हणतात, जाऊ दे, वहिनी, झालं गेलं. नाही जाऊ देणार. चार वर्षं हा राग मी भलत्याच दारात नेऊन टाकला, आणि ते पोरगं मुकाट्याने तो झेलत राहिलं. आता तो आणलाय जिथे आणायला हवा होता तिथे. हा तुमचा आहे. घ्या.

चिडलेली, पण तुमचीच